काळी, पांढरी आणि कारखाना

पिंपरी-चिंचवडात राहणाऱ्या गृहस्थाला, आपल्या ताटातले अन्न कोठून येते, असे विचारले तर तो बहुधा पिंपरीच्या मंडईचे, फार झाले तर मोशीच्या उपबाजाराचे नाव सांगून मोकळा होतो. आणि यात त्याचा दोष आहे असे मला वाटत नाही, कारण जी नगरी गेली साठ-सत्तर वर्षे भोंग्यावर उठली, पाळीप्रमाणे जेवली आणि कंपनीच्या बसमध्ये झोपली, तिच्या रहिवाशाने नांगर, कुळव आणि पाभर यांची विचारपूस करावी ही अपेक्षाच अवाजवी आहे. तथापि या नगरीखालची जमीन काल-परवापर्यंत काळी होती. काळी कसण्याची आणि पांढरी वसण्याची, हा आपल्या गावगाड्याचा जुना हिशेब. आणि त्या हिशेबाने पाहिले तर आकुर्डी, निगडी, वाकड, रहाटणी, भोसरी ही आज ज्यांना आपण केवळ बसथांबे म्हणून ओळखतो, ती सारी रीतसर जमाबंदी होणारी गावे होती. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ, १९७० साली नगरपालिका, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण, १९८२ साली महानगरपालिका. आणि १९९७ साली मोशी, चिखली, चऱ्होली, तळवडे आदी गावे हद्दीत आली तेव्हा काळीची पांढरी होण्याचे काम कागदोपत्री तरी पुरे झाले.

कागदोपत्री, असे मी मुद्दाम म्हणतो. माझे एक स्नेही, ज्यांना आम्ही सारेच अण्णा म्हणतो, खेड तालुक्यात तलाठी म्हणून हयात घालवून निवृत्त झाले आहेत. त्यांच्यापाशी एकदा मी सहज बोलून गेलो, की आता या पट्ट्यात शेती उरली आहे कोठे? अण्णांनी चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाले, “अहो, शेती कोठे नाही ते विचारा. सातबाऱ्याच्या सातात काय लिहिलंय ते पाहून बारात काय पिकतंय ते कळत नसतं. चला एकदा शनिवारचे, दाखवतो.” गाव नमुना सात म्हणजे हक्काचा कागद आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकाचा; या दोहोंमधील विसंगतीवर ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षे पीकपाहणी केली, त्याच्या आमंत्रणाचा अव्हेर करणे मला शक्य नव्हते. फाल्गुनातल्या एका शनिवारी, दिवस उजाडण्यापूर्वी, आम्ही निघालो.

पहिला मुक्काम अण्णांच्या नव्हे, माझ्या हट्टाचा होता. पिंपरीच्या ज्या रस्त्याने आम्ही भोसरीकडे वळलो त्याच्या कडेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा विस्तीर्ण आवार जुन्या वृक्षांच्या सावलीत निजलेला होता. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने उभा राहिलेला हा सरकारी क्षेत्रातला पहिला औषध-कारखाना. येथे पेनिसिलिन होऊ लागले तेव्हा त्याचे अप्रूप साऱ्या देशाला होते. पण पेनिसिलिन होते कसे, याचा विचार केला तर शेती या व्यवसायाची व्याख्या जरा सैल करावी लागते. पोलादी टाक्यांत बुरशी वाढवायची, तिला मक्याचा स्टार्च काढताना उरणारे दाट पाणी आणि शर्करा खाऊ घालायची, हवा-पाणी-उष्मा सांभाळायचा आणि योग्य वेळी तिचा रस काढून घ्यायचा. पेरणी, खत, राखण आणि सुगी यांपैकी येथे काय कमी आहे? एम. जे. तिरुमलाचार या कवकशास्त्रज्ञाने येथे ज्या सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध मिळवले, त्याचे शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना असे आहे. पिंपरीचे नाव जगाच्या जीवशास्त्रात कायमचे नोंदले गेले आहे ते कोणा उद्योगपतीमुळे नव्हे, तर मातीत राहणाऱ्या या डोळ्यांना न दिसणाऱ्या रयतेमुळे. याच कारखान्याचे ऑरिओफंजिन पिकांवरील बुरशीसाठी आणि स्ट्रेप्टोसायक्लिन डाळिंबाच्या तेल्या रोगासाठी सोलापूर-सांगोल्याच्या बागांपर्यंत पोहोचले. जिवाणूनाशके झाडांवर फवारण्याची चाल पुढे आरोग्याच्या दृष्टीने आक्षेपार्ह ठरली, आणि ते योग्यच झाले. पण डाळिंबाच्या शेताची एक बांधबंदिस्ती एके काळी पिंपरीत होत असे, एवढे मान्य करावे लागते.

अण्णांना हे सारे फारसे पटले नाही. “टाकीतल्या शेतीला सारा कोण लावणार?” एवढेच ते म्हणाले.

मोशीला इंद्रायणी ओलांडली आणि नाशिक रस्त्याची ती प्रसिद्ध कोंडी सुरू झाली, जिच्यात मोटारींचे सांगाडे वाहून नेणारे अजस्र कंटेनर आणि कांद्याच्या गोण्यांनी लादलेले पिकअप टेम्पो एकाच गतीने, म्हणजे जवळजवळ गतिशून्य अवस्थेत, शेजारी-शेजारी उभे असतात. चाकणला येणारा माल आणि चाकणहून जाणारा माल यांची ही रोजची भेट आहे. जर्मन मोटारींचे कारखाने २००९ साली या माळावर सुरू झाले, त्याआधी दुचाकींचा आला होता, नंतर ट्रकांचा आणि असंख्य सुट्या भागांचे आले. पण घाट उतरून कोकणात जाणारा आणि जुन्नर-नगरकडून येणारा माल चाकणच्या चौकातून जाण्याची परंपरा यांपैकी कोणत्याही कारखान्याहून पुष्कळ जुनी आहे. फिरंगोजी नरसाळ्याने १६६० च्या पावसाळ्यात शायिस्ताखानाच्या फौजेला सुमारे दोन महिने ज्या भुईकोटापाशी अडवून धरले, तो संग्रामदुर्ग येथे उगाच बांधलेला नव्हता. ज्याच्या हाती चाकण, त्याच्या हाती वाटांची नाकेबंदी आणि पर्यायाने दाणागोटा, हे सूत्र त्या काळच्या सेनापतींना ठाऊक होते. आज कोटाची पडकी तटबंदी घरांच्या गर्दीत शोधावी लागते.

खेड कृषी उत्पन्न बाजार समितीच्या चाकण येथील महात्मा फुले बाजारात आम्ही पोहोचलो तेव्हा उन्हे नुकतीच शेडच्या पत्र्यावर आली होती. कांद्याच्या बाजाराचा वास नाकाला जाणवण्याआधी डोळ्यांना जाणवतो, हा माझा जुना अनुभव येथेही खरा ठरला. गोण्यांच्या थप्प्या ओळीने लागलेल्या. प्रत्येक थप्पीपुढे एक गोणी फोडून पसरलेली. आणि त्या पसरलेल्या ढिगाभोवती आडत्याचा माणूस, पाच-सात खरेदीदार आणि थोडा मागे, टोपी हातात धरून, मालाचा धनी. खरेदीदार वाकतो, मूठभर कांदा उचलतो, एकाची मान अंगठ्याने दाबून पाहतो, कारण मान ओली असेल तर कांदा टिकणार नाही. मग पत्ती चोळतो, एक पापुद्रा सुटतो की दोन राहतात ते पाहतो, जोड निघाला तर तोंड वाकडे करतो आणि डेंगळा दिसला तर काहीही न बोलता तो ढिगाबाहेर फेकतो. हे सारे होण्यास मला वाटते अर्धे मिनिटही लागत नाही. चार महिने रोपाला दिलेले पाणी, लागणीच्या बायांची मजुरी, करप्यासाठीच्या फवारण्या, थंडीतल्या रात्री विजेच्या वेळापत्रकाप्रमाणे दिलेली दारी, या साऱ्याचा निकाल त्या अर्ध्या मिनिटात लागतो, भाव पुकारला जातो आणि टोळके पुढच्या थप्पीकडे सरकते.

मी मागे राहिलो. मालाचा धनी खेडच्या पूर्व भागातला, पन्नाशीचा, धोतराऐवजी पँट आणि डोक्यावर मात्र गांधी टोपी असलेला गृहस्थ होता. “माउली, पटला का भाव?” मी विचारले. देहू-आळंदीच्या या टापूत अनोळखी माणसालाही माउलीच म्हणतात.

“पटून कुणाला सांगता, माउली?” तो म्हणाला. “न पटला तर माल परत न्यायला गाडीभाडं तुमच्या खिशातनं द्या. हा एक नंबरचा झाला. गोल्टी अजून पडलीय, चिंगळीला तर कुणी विचारायचं नाही.”

त्याच्या हाती पडणाऱ्या हिशेबपट्टीवर हमाली, तोलाई, वाराई असे रकाने असतात. आडत पूर्वी त्याच्याच माथी होती. २०१६ पासून ती खरेदीदाराकडून घेण्याचा कायदा झाला. पूर्वी सौदेही रुमालाखाली बोटे धरून होत, ज्याला हत्ता म्हणत आणि ज्यात मालाच्या धन्याला आपल्या मालाचा भाव सर्वांच्या शेवटी कळे; बाजार समित्यांच्या कायद्याने उघड लिलाव आणला. सुधारणा झाल्या नाहीत असे कोण म्हणेल? परंतु पट्टीचा एक प्रकार असा आहे की जो कोणत्याही कायद्याने अद्याप पूर्णतः नाहीसा झालेला नाही. माल विकला जातो, भाडे-हमाली-तोलाई वजा होते आणि शेवटच्या ओळीत शेतकऱ्याला मिळायच्या रकमेऐवजी त्याने द्यायची रक्कम निघते. तिला उलटी पट्टी म्हणतात, आणि बाजारात हा शब्द उच्चारताना कोणी हसत नाही.

या उलट्या पट्टीतून महाराष्ट्राच्या राजकारणात एक सुलटा प्रश्न उभा राहिला, तो याच आवारात. शरद जोशी हे स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघटनेत अधिकारी होते. ती नोकरी सोडून १९७७ च्या सुमारास ते चाकणपासून थोड्या अंतरावरच्या आंबेठाण गावी आले, कोरडवाहू जमीन घेतली आणि ती स्वतः कसून पाहिली. १९७८ साली निर्यातबंदीने कांद्याचे भाव कोसळले तेव्हा चाकणच्या शेतकऱ्यांनी पुणे-नाशिक रस्ता अडवला. १९७९ साली येथूनच ‘वारकरी’ नावाचे साप्ताहिक निघाले आणि त्याच वर्षी ९ ऑगस्ट रोजी शेतकरी संघटनेची स्थापना झाली. उत्पादनखर्चावर आधारलेला रास्त भाव, या एका कलमाखेरीज त्यांच्या संघटनेने प्रारंभी दुसरे काही मागितले नाही. कर्जमाफी, अनुदान, सवलत या दानधर्माच्या परिभाषेपासून शेतीचा प्रश्न सोडवून तो जमाखर्चाच्या वहीत आणणे, हे त्यांचे काम. आणि ते एका माजी टपाल अधिकाऱ्याने केले याचे मला आश्चर्य वाटत नाही, कारण कोणते पाकीट कोठे अडकले आहे हे शोधण्याची त्या खात्याला सवयच असते. त्यांच्या पुढील सर्वच मतांशी माझे जुळते असे नाही. मुक्त बाजारावर त्यांनी जो विश्वास टाकला तो टाकण्याचे धैर्य मला, त्या अर्ध्या मिनिटाचा लिलाव पाहिल्यावर तरी, होत नाही. पण मूळ निदान चुकले नव्हते. २०२३ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने पुन्हा कांद्याची निर्यात बंद केली आणि २०२४ च्या मे महिन्यात ती उठवली. मधल्या काळात चाकणच्या याच शेडखाली कांदा आला, गेला आणि पट्ट्या फाटल्या. पंचेचाळीस वर्षांत सरकारे किती बदलली हे वाचकांनी मोजावे.

बाजारातून निघण्यापूर्वी बटाट्याच्या आवारात डोकावलो. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर खरिपात, पावसावर, बटाटा होतो. त्याचे बेणे पंजाबातून येते आणि मालाचा काही भाग वेफर करणाऱ्या कंपन्यांशी झालेल्या कराराने परस्पर जातो. पंजाबच्या मातीतले बेणे, पेठ-कुरवंडीच्या पठारावरचा पाऊस आणि मुंबईच्या शाळेतल्या मुलाच्या हातातील फुगलेली पिशवी. अन्नाच्या वंशावळी माणसांच्या वंशावळींहून गुंतागुंतीच्या असतात.

आंबेठाणच्या रस्त्याला लागल्यावर अण्णांच्या बोलण्याला ऊत आला. हा त्यांचा सजा. उजवीकडे-डावीकडे बोट दाखवत ते सांगू लागले, की अमुक कंपनीची पार्किंगची जागा म्हणजे तमुक घराण्याची ज्वारीची पट्टी, तमुक गोदाम म्हणजे वाटणीत धाकट्याला आलेला खडकाळ तुकडा, ज्याला तेव्हा कोणी मुलगी देईना आणि ज्याला नंतर सर्वांत जास्त मोबदला मिळाला. कित्येक गट संपादित झाले, कित्येक खातेदारांनी आपखुशीने विकले, कित्येकांनी दलालाला विकले आणि दलालाने कंपनीला. फेरफार नोंदवता नोंदवता आपली बोटे दुखत, असे अण्णा म्हणाले. शरद जोशींचे शेत, अंगारमळा, याच वाटेवर आहे, आणि त्याच्या आजूबाजूच्या शिवारात आज यंत्रांचे आवाज आहेत. लोक म्हणतात, कारखान्यांनी शेती गिळली. मला हे विधान अर्धेच खरे वाटते. जेथे जमीन सक्तीने गेली तेथे ते खरे आहे. पण जेथे माणसाने आपण होऊन सही केली, तेथे त्याच्या खिशात आधीच एक-दोन उलट्या पट्ट्या होत्या, आणि शेती भावाने मोडली होती म्हणूनच ती कारखान्याला स्वस्तात मिळाली.

विशेष म्हणजे संपादित होऊनही ज्या भूखंडांवर अद्याप बांधकाम झालेले नाही, त्यांतल्या काहींवर ज्वारी उभी होती. महामंडळाच्या दगडाला टेकून वैरणीच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. “याची पीकपाहणी कशी लावायची?” मी विचारले. २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवर पिकाचे छायाचित्र काढून नोंद करायची अशी ई-पीक पाहणीची पद्धत आली आहे. पण जमीन ज्याच्या नावे नाही तो छायाचित्र कशाचे काढणार? अण्णा म्हणाले, “लावायचीच नाही. कागदावर ती पड. पडीक जमिनीवर जेवढी ज्वारी मी पाहिली तेवढी बागायतीत पाहिली नाही.”

जमीन गेलेल्यांनी पैशाचे काय केले, याच्या गुंठामंत्र्यांविषयीच्या विनोदी कथा सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून त्या मी येथे देत नाही. बहुतेकांनी खोल्या बांधल्या. म्हाळुंगे, खराबवाडी, निघोजे या गावांत एका ओळीत दहा-दहा, वीस-वीस खोल्यांच्या चाळी आहेत, त्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून आलेले कामगार राहतात, आणि दर महिन्याच्या दहा तारखेला, न चुकता, त्यांची सुगी होते. म्हाळुंग्याच्या रस्त्याकडेच्या बाजारात मला परवर दिसले, सातूचे पीठ दिसले, मोहरीच्या तेलाच्या बाटल्या दिसल्या. परवर विकणारी बाई मात्र येथलीच, नऊवारीतली. “आमी न्हाई खात,” ती म्हणाली, “पन घेनारे घेत्यात. भय्ये लोक भेंडीला नाक मुरडतील, याला न्हाई.” गुंठाभर जागा घरामागे उरली आहे तीत आपण कोथिंबीर आणि मेथी करतो, हेही तिने सांगितले. तिच्या घरामागच्या त्या गुंठ्याची नोंद कोणत्याही नमुन्यात असण्याचा संभव नाही.

दुपारी भामचंद्राच्या डोंगरावर चढलो. शिंदे-वासुलीच्या हद्दीत, चाकणच्या औद्योगिक वसाहतीला अगदी खेटून, हा डोंगर आहे. येथील गुहेत तुकोबांनी पंधरा दिवस चिंतन केले आणि त्यांना साक्षात्कार झाला अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे, आणि डोंगराचे लचके तोडले जाऊ लागले तेव्हा त्याच श्रद्धेने लोक रस्त्यावर उतरले होते. वरून पाहिले तर पट्ट्याचा सारा नकाशा उलगडतो. निळ्या-पांढऱ्या पत्र्यांची छपरे, त्यांच्यामधून सापडतील तेवढ्या फटींत हिरवे तुकडे, दूर भामा नदीची झाडी. तुकोबांचे घराणे महाजनकीचे आणि सावकारीचे. सतराव्या शतकाच्या तिसाव्या वर्षाच्या आसपास जो भयंकर दुष्काळ दख्खनवर कोसळला त्यात त्यांचे घर उद्ध्वस्त झाले, आणि पुढे त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. एका वाण्याने कुळांची खते बुडवावीत यातला आध्यात्मिक अर्थ कीर्तनकार सांगतातच. मला त्यात दुष्काळात पीक गेलेल्या कुळाकडून वसुली होत नाही, हे व्यवहारज्ञानही दिसते, आणि त्यामुळे तुकोबांविषयीचा माझा आदर वाढतो.

तळेगावावरून वडगाव मावळला आलो तो उन्हे कलली होती. वडगाव म्हटले की इतिहासाच्या पाठ्यपुस्तकामुळे सर्वांना १७७९ चा इंग्रजांना पत्करावा लागलेला तह आठवतो. ज्या घटनेचा परिणाम या परिसराच्या प्रत्येक घरात रोज दुपारी शिजतो ती मात्र कोणाला आठवत नाही. येथील कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ या देशी वाणाचा आयआर ८ शी संकर करून १९८७ साली ‘इंद्रायणी’ हे भाताचे वाण प्रसारित केले. आयआर ८ हे फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचे, साठच्या दशकात आशियाभर गेलेले बुटके आणि भरघोस वाण. आंबेमोहोर उंच, लोळणारा, कमी उताऱ्याचा, पण शिजताना शेजारच्या आळीला वर्दी देणारा. बापाचा उतारा आणि आईचा सुगंध एकत्र आणण्याची ही सोयरीक पुष्कळशी जमली. आज चिंचवडच्या वाण्याकडे कोणी नुसता ‘मावळचा तांदूळ’ मागितला तर त्याच्या पिशवीत बहुधा इंद्रायणीच पडतो, आणि त्याचा निम्मा वंश फिलिपाइन्सचा आहे हे ऐकून अस्सल मावळ्याने रागावू नये. फाल्गुनात खाचरे रिकामी होती. बांधांवर कोठे हरभरा काढून झालेला. एका खाचराच्या कोपऱ्यात एक म्हातारा आणि त्याची सून राब रचत होती. खाली शेण, त्यावर झाडाच्या तोडलेल्या फांद्या, त्यावर पालापाचोळा आणि गवत, सर्वांवर मातीचा पातळ थर; मग वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने विस्तव लावायचा, म्हणजे सावकाश जळते, तण आणि किडी मरतात आणि त्या भाजलेल्या जमिनीत ज्येष्ठात रोप टाकायचे. “कृषीवाले राब भाजू नका म्हणत्यात,” म्हातारा म्हणाला, “गादीवाफा करा म्हणत्यात. नातू करतो. मी भाजतो.” त्याच्या मागे, हाकेच्या अंतरावर, द्रुतगती मार्गावरून मुंबईची वाहने वाहत होती.

त्याच मार्गावर, येथून जवळच, बऊर येथे २०११ च्या ९ ऑगस्टला पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मारले गेले. शेतकरी संघटना स्थापन झाली तोच हा दिनांक. प्रश्न पाण्याचा होता. पवना धरणाचे पाणी नदीपात्रातून वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथून पिंपरी-चिंचवडकर ते उचलतात. मधल्या साऱ्या अंतरात दोन्ही काठांचे मावळे मोटारी लावून आपला ऊस-भाजीपाला भिजवतात. हे पाणी धरणापासून थेट बंद नळाने शहरात आणायची योजना आली, तेव्हा नदी कोरडी पडेल या भयाने लोक उठले, आणि पुढे ते काम वर्षानुवर्षे थांबले. नळाने गळती वाचते आणि पाणी स्वच्छ मिळते, हा शहराचा युक्तिवाद खोटा नव्हता. नदी हाच आमचा कालवा, हा मावळचा युक्तिवादही खोटा नव्हता. पण पोळी शहराने खायची आणि गोळी गावाने, असा न्याय तेथे झाला, आणि निगडीच्या नळाला पाणी येते तेव्हा त्याची आठवण ठेवण्याची तसदी आम्ही घेत नाही.

निगडीत एका परिचितांच्या गच्चीवर चहा झाला. तेथे उसाच्या चिपाडांत आणि पालापाचोळ्यात वाढवलेली वांगी, मिरच्या, एक पपई आणि शेवग्याचे झाड होते, कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’तर्फे घरोघरच्या शेतीचा जो विचार मांडला, त्याचा हा एक दूरचा अंकुर. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर कामगारांच्या जेवणातल्या ओल्या कचऱ्यावर अशीच बाग फुलली होती. पिंपरी-चाकणच्या कारखान्यांत रोज जेवढ्या पंगती उठतात त्यांच्या खरकट्यावर किती गच्च्या हिरव्या होतील, याचा विचार कोणा व्यवस्थापकाने करून पाहण्यासारखा आहे. अण्णांनी वांगे हातात घेऊन तोलले आणि त्यांना प्रथमच एखादी नवी कल्पना पसंत पडली.

शेवटी तळवडे, चिखली करीत मोशीच्या बाजूने आम्ही इंद्रायणीच्या काठी उतरलो. येथे शहराच्या पाठीशी, पत्र्याच्या शेडांमागे, म्हशींचे गोठे आहेत, त्यांच्यासाठी कडवळ आणि हत्तीघास करणारी वावरे आहेत, आणि नदीच्या अगदी कडेला पालक, मेथी, शेपू, कोथिंबीर यांचे वाफे आहेत, जे पहाटे काढले की तासाभरात पिंपरीच्या मंडईत पोहोचतात. ही जमीन इमारतींपासून वाचली याचे श्रेय कोणाच्या दूरदृष्टीला नाही. ती पूररेषेच्या आत आहे. निळ्या रेषेआत बांधकाम करता येत नाही, म्हणून बिल्डरने तिच्याकडे पाहिले नाही, म्हणून ती अजून काळी आहे. नदी मात्र त्या संध्याकाळी पांढरी होती. कारखान्यांच्या आणि वस्त्यांच्या सांडपाण्याचा फेस पात्रावर तरंगत आळंदीकडे चालला होता, आणि काठावरची मोटर तेच पाणी ओढून पालकाच्या वाफ्यात सोडत होती. वाफ्यात वाकलेल्या बाईने दारे मोडता-मोडता सांगितले, “आषाढात पानी चांगलं असतं. आता असंच. न्हाई दिलं तर भाजी कशाची?”

महापालिकेने पवना आणि इंद्रायणी या दोन्ही नद्यांच्या सुशोभनाच्या योजना आखल्या आहेत; त्यांत पायवाटा असतील, बाके असतील, दिव्यांचे खांब असतील. माझी विनंती एवढीच आहे, की निळ्या रेषेआतील ही पट्टी बागेसाठी सपाट करण्याआधी तेथे कोणाचे वाफे आहेत याची एकदा पीकपाहणी व्हावी, ज्यांना ती भाजीपाल्याखाली ठेवायची आहे त्यांना ठेवू द्यावी, आणि खांबांच्या निविदा काढण्यापूर्वी नदीत येणारे नाले अडवून, निदान कोथिंबिरीची जुडी धुण्याइतके तरी, पाणी शुद्ध करून द्यावे.